पाव फेरा

"अवो, पाय आत घ्या, नाई तं पान्याची बादली पायावरच उलटी करते!"

जनकाबाईंनी खराटा आपटत हे सांगितलं ते कोणाला, तर दोन पायांना. कारण अंगणात भाऊरावांचे फक्त पायच दिसत होते. बाकीचे भाऊराव पांढऱ्या मारुतीच्या खाली, पोत्यावर उताणे, हातात दहा नंबरचा पाना आणि नाकाच्या शेंड्यावर काळ्या तेलाचा एक थेंब.

"किती गळलं आज?" जनकाबाईंनी विचारलं.

"तीन थेंब."

"न् काल?"

"दोन."

"म्हंजे तुमी गाडी सुधारून राह्यले का बिघडवून राह्यले?"

भाऊरावांनी नाकावरचा थेंब बाहीला पुसला. त्यांनी दात आवळले आणि त्याच जोरात वरचा बोल्टही आवळला.

आता आवळणं हे भाऊरावांचं आयुष्यच होतं. खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये चौतीस वर्षं फिटर. कापसाच्या गाठी दाबणारं ते भलंमोठं यंत्र दिवसभर असं हादरायचं की बोल्ट जरा ढिला राहिला तर माणूस जायचा. म्हणून भाऊराव बोल्ट मनगटाने नाही, खांद्याने आवळायचे. चौतीस वर्षांत त्यांचा एक बोल्ट सुटला नाही. सेठ सुटले, कामगार सुटले, शेवटी फॅक्टरीच बंद पडली, पण बोल्ट नाही.

फॅक्टरी बंद झाली आणि महिन्याभरात ही मारुती दारात आली. तीही जुनीच. स्वतः चालवायची असं भाऊरावांच्या मनात होतं, पण त्यांनी ती आठ दिवसांत दोनदा नालीत घातली, आणि दुसऱ्यांदा तर नगरपालिकेच्या दिव्याचा खांबच वाकडा केला. तेव्हा बारावीतली प्रेरणा पुढे आली नि म्हणाली, "बाबा, सरका तिकडं." बाबा सरकले. ते डाव्या सीटवर जे बसले ते मग कायमचेच तिथले झाले.

काय रविवार होते ते! पोरगी गाडी चालवते आहे, शेजारी मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बाप. मोताळ्याकडून रोहिणखेडला तर चारदा गेले असतील. तिथली जुनी मशीद पाहून भाऊराव दरवेळी तेच म्हणायचे, "पाह्य बरं पोरी, इतकी वर्सं झाली, न बोल्ट न नट, तरी उभी हाय!" आणि प्रेरणा दरवेळी तशीच हसायची, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे.

मग तिचं शिक्षण, मग नोकरी, मग बंगलोर. गाडी अंगणात राहिली. ती दिवाळीला यायची, उन्हाळ्यात यायची, एक रविवार बापाला फिरवून आणायची. तेवढ्यावर भाऊरावांचे सहा महिने निघायचे. पण दोन वर्षांपूर्वी चेंबर गळायला लागला. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाशी तेलाचं पत्र्याचं तसराळं असतं ना, ते. गेल्या दिवाळीत प्रेरणाने गाडीखालचा डाग पाहिला आणि किल्ली परत खुंटीला लावली.

"नको बाबा. रस्त्यात तेल संपून इंजिन जाम झालं तर तुम्हाला घेऊन कुठं उभी राहू मी?"

बरोबरच होतं तिचं. पण तो रविवार गेला. उन्हाळ्यातलाही गेला. आणि आता तिचा फोन आला होता, शुक्रवारी येते, तीन दिवस आहे. तीन दिवस म्हणजे मध्ये रविवार आला. भाऊरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पाना उचलला आणि पोतं अंथरलं. गळती थांबली तर रविवार, नाहीतर नाही. एवढा सरळ हिशोब होता.

बुधवारी गाडी गोविंदाच्या गॅरेजात गेली. गोविंदा या गाडीचा जुना डॉक्टर. चेंबर आणि इंजिनच्या मध्ये बसणारं पॅकिंग त्याने याआधी तीनदा बदललं होतं आणि तीनदा गाडी महिन्याभरात परत गळत आली होती, त्यामुळे तोही आता चिडलेला. त्याने चेंबर खाली उतरवला, पुसला, मोबाईलची बॅटरी पेटवून सपाट फरशीवर ठेवली आणि तिच्यावर चेंबर पालथा घातला. चेंबरच्या काठाखालून जागोजागी उजेड बाहेर आला.

"काका, हे पाहा," गोविंदा म्हणाला. "हा काठ हाय का सापाची चाल? कोन आवळते हे बोल्ट?"

"तूच तं आवळतं."

"मी नाई एवढे आवळत. घरी कोनी हात लावते का?"

भाऊरावांनी समोरच्या टायरच्या दुकानाकडे पाहिलं. "गल्लीतले पोट्टे असतीन."

"पोट्टे!" गोविंदा उकिडवा होता तो हसून खालीच बसला. "काका, कापसाच्या गाठीसारखा आवळला हाय हा. असे पोट्टे कोन्या गल्लीत हाय, मले सांगा, मी कामावर ठेवतो त्याईले."

भाऊराव समोरचे टायरच मोजत राहिले. मग गोविंदाचं हसू गेलं. त्याने त्यांचं बोट धरलं आणि बोल्टाच्या भोकाभोवतीच्या पत्र्यावरून फिरवलं. भोकाजवळ पत्रा दबून खळगा झाला होता आणि दोन भोकांच्या मध्ये तो उचलला गेला होता.

"पातय पत्रा हाय, काका, कागदावानी. तुमी बोल्ट आवळला का इथं दबते, न् बाजूनं तोंड उघडते. तिथून तेल येते. तेल आलं का तुमी अजून आवळता. ते अजून उघडते."

"म्हंजे..." भाऊरावांचं बोट त्या खळग्यातच राहिलं. "म्हंजे मीच?"

"हाव. तुमीच."

दोन वर्षं. पोरीबरोबरचे दोन रविवार आपणच आपल्या हाताने घालवले, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते स्टुलावर बसून राहिले. गोविंदाने लाकडाचा ठोकळा घेतला, छोटी हातोडी घेतली आणि टक टक करत अख्खा काठ सरळ केला. पुन्हा उजेड लावला. आता कुठूनही एक रेघ आली नाही. नवं पॅकिंग लागलं, चेंबर वर चढला आणि गोविंदाने पाना भाऊरावांच्याच हातात दिला.

"आता तुमीच लावा. आधी दोन बोटानं, बोट थांबन तिथलोक. मंग पान्यानं पाव फेरा. बस."

भाऊरावांनी पाव फेरा दिला. त्यांचा खांदा सवयीने पुढे आला आणि तो मागे ओढताना त्यांना घाम फुटला.

"एवढंच?"

"एवढंच."

"सुटून पडन ना बे, भर रस्त्यात!"

"नाई पडत, काका. पॅकिंगले धरू द्या जरा त्याचं त्याचं."

घरी आल्यावर त्यांनी पाना जनकाबाईंना दिला. "पेटीत ठेव, कुलूप लाव. म्या मांगतला तरी देऊ नको."

"काऊन, पान्यानं काय गुन्हा केला?"

"पान्यानं नाई केला," भाऊराव म्हणाले आणि हात धुवायला गेले.

गुरुवारी गाडीखाली ठेवलेला पेपर कोरडा. शुक्रवारी कोरडा. शुक्रवारी दुपारी प्रेरणा आली. बॅग ओट्यावर टाकली, चहाही घेतला नाही आणि आधी वाकून गाडीखाली पाहिलं.

"बाबा, एक थेंब नाही!"

"नाईच."

"मग झालंच की!" ती इतकी खूश झाली की भाऊरावांना पुढचं काही विचारावंसंही वाटलं नाही. झालंच म्हणजे झालंच.

शनिवारी त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून आणला. रविवारी सकाळी आठ वाजता दाढी करून, पाण्याची बाटली भरून ते ओट्यावर बसले. जनकाबाईंनी आतून टोमणा मारला, "नवरदेव, वरात कवा निघते?" आणि त्याच वेळी फाटकाशी मोटरसायकल थांबली. पंचविशीतला एक पोरगा उतरला. नाव हरिओम, गाव वरवट बकाल, वर्षापूर्वी लग्न झालेलं. गाडीकडे तो असा पाहत होता की आयुष्यातली पहिलीच गाडी घ्यायला आला आहे हे न सांगता कळावं.

प्रेरणा बापाजवळ येऊन बसली. "बाबा, मी गेल्या दिवाळीतच गाडी विकायला नेटवर टाकली होती. सगळे एकच विचारायचे, तेल गळतं का? आता म्हटलं अडचणच राहिली नाही. आई फोनवर सांगते, बाबा गाडीखाली लोळतात, जॅक लावतात. मला तिकडं ऑफिसात धडकी भरते हो. मला चालवायलाही आता कुठं वेळ होतो... ठीक केलं ना मी?"

तिने त्यांचा हात धरला होता. भाऊरावांनी त्या हाताकडे पाहिलं.

"बराबर केलं," ते म्हणाले.

जलंब रोडने एक चक्कर मारायची ठरली. प्रेरणा चालवणार, आणि इंजिनचा आवाज ऐकायला हरिओम तिच्या शेजारी, डाव्या सीटवर. "मी बी येतो," म्हणत भाऊराव मागे शिरले. इतक्या वर्षांत या गाडीत ते मागे कधी बसलेच नव्हते. मागून प्रेरणा वेगळीच दिसत होती. मानेजवळ दोन पांढरे केस होते. हे कधी झालं? गिअर टाकताना ती अजूनही ओठ दाबत असेल का? मागून ते दिसत नव्हतं. हरिओम विचारत होता, एसी चालतो का, अॅव्हरेज काय देते, आणि ती हसून उत्तरं देत होती. एकदा समोरून ट्रक आला आणि गाडी डावीकडे घ्यावी लागली. या गाडीला डाव्या बाजूचा आरसाच नाही. तो आरसा म्हणजे भाऊराव. ते मागच्या खिडकीतून मान काढून ओरडले, "डावी बाजू मोकयी हाय, घे!" पण तिने तोवर घेतली होती.

परत आल्यावर हरिओम सरळ गाडीखाली शिरला.

"कोरडं हाय काका, एक नंबर! पन आपन असं करू. मी हे बोल्ट जरासे आवळून घेतो, दुपारलोक उभी ठेवू. थेंब नाई पडला तं घेऊन जातो. पडला तं मंग राह्यलं."

"चालेल," प्रेरणा म्हणाली.

हरिओमने मोटरसायकलच्या डिकीतून पाना आणला. दहा नंबरचाच. मनगट चांगलं जाड होतं पोराचं, शेतातलं. भाऊराव चाकाशी वाकून उभे होते. त्यांना कोणीही काही विचारलं नव्हतं. काही करायचंही नव्हतं, फक्त गप्प राहायचं. असे सात-आठ बोल्ट त्याने खांद्यातून आवळले की दुपारपर्यंत थेंब आलाच. पोरगा जाईल. गाडी राहील. दिवाळी येईल.

पहिला बोल्ट करकरला.

दुसऱ्यावर पाना बसला आणि भाऊरावांच्या तोंडून निघून गेलं, "थांब बे!"

हरिओम दचकला.

"आवळू नको. सरक तिकडं."

पोतं नव्हतं. ते तसेच मातीत उताणे झाले. वरून प्रेरणा ओरडली, "बाबा, शर्ट!" तोवर ते आत पोहोचले होते.

दोघं शेजारी शेजारी, नाकासमोर चेंबर. भाऊरावांनी पहिल्या बोल्टावर बोट ठेवलं. "हा आवळलेला आधी सैल कर. अजून. हं. आता दोन बोटानं लाव. बोट थांबलं? आता पान्यानं पाव फेरा. बस."

"एवढंच? सुटन ना, काका?"

"नाई सुटत. पातय पत्रा हाय. जास्त आवळलं का गळते. तुया घरी कोनी आवळतो म्हनलं तं हात धर त्याचा. बाप असला तरी धर."

"हाव, काका."

वर प्रेरणाचा फोन वाजला. खालून तिचे फक्त पाय दिसत होते. अंगणभर फिरत ती उद्याच्या विमानाचं, मंगळवारच्या मीटिंगचं काहीतरी इंग्रजीत बोलत होती. मग बोलणं थांबलं. पाय उजव्या दाराशी आले. थोडा वेळ तिथेच राहिले. दार उघडलं, पाय वर गेले आणि गाडी दोघांच्या अंगावर बोटभर खाली आली. दार हळूच लागलं. इंजिन बंदच होतं. क्लच दाबल्याचा आवाज आला, सोडल्याचा आला. पुन्हा दाबल्याचा. मग एक एक करून गिअर पडले. पहिला, दुसरा, तिसरा.

हरिओमने कोपरं मातीत रोवली. "निघू का काका बाहेर?"

भाऊरावांनी त्याच्या छातीवर हात ठेवला.

"थांब जरासा," ते कुजबुजले. "पोरगी बसली हाय."