चिठ्ठीची शेवटची ओळ

शकुंतला पहाटे गेली, हे रामाजींना वॉर्डाच्या दारातच कळलं. हातात तिच्यासाठी आणलेला खिचडीचा डबा होता. आयाबाईने तिची पिशवी दिली. त्यात चष्मा, कंगवा, इंग्रजीची डिक्शनरी आणि डिक्शनरीत एक चिठ्ठी.

अशा चिठ्ठ्या रामाजींना नव्या नव्हत्या. ती नाचणगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. दर सोमवारी घरून चिठ्ठीवर लिहून नेलेला एक शब्द फळ्यावर. आधी अर्थ, मग मूळ, शेवटी वाक्य. वाक्य नेहमी नवऱ्यावर. आजारी पडायच्या आधी तिनं 'माझा नवरा हट्टी आहे' असं इंग्रजीत लिहिलं, तेव्हा शाळेचा हातपंप दुरुस्त करायला गेलेल्या रामाजींना बघून अख्खी सातवी हसली होती.

या चिठ्ठीवर शब्द होता 'टेंडर'. खाली लिहिलं होतं: 'एक, कोवळा. दोन, हात लावताच दुखणारा. मूळ लॅटिन, अर्थ मऊ.' वाक्याची ओळ कोरी. आणि अक्षर तिचं नव्हतं.

शेवटचा महिनाभर रामाजी हात धरायला गेले की ती मागे घ्यायची. मग ते नसताना तिच्याजवळ बसून लिहिणारं हे कोण? तिच्या शाळेतले प्रेमदास मास्तर दोनदा भेटून गेले होते. रामाजींनी शाळेत जाऊन नोटिशीवरचं मास्तरांचं अक्षर पाहिलं. जुळलं नाही. तरी संशय गेला नाही.

तेरवी आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी ते सावंगीच्या त्याच दवाखान्यात गेले. वॉर्डात लीना सिस्टर होती.

"हे कोनाचं अक्षर हाय, सिस्टर?"

"माझं, काकाजी."

"तुमी काऊन लिहून राह्यल्या होत्या?"

"म्याडमले पेनच धरता येत नव्हता. बोटं सुजली होती, हात लावू देत नव्हत्या. त्यायनं सांगितलं, मी लिहिलं."

"मले काऊन नाई सांगितलं मंग?"

"तुमी आले का त्या हात चादरीत घालत. म्हने, त्यायले समजलं तर जेवन सोडतीन."

'तुमच्या हातानं भरवा' असं ती एकदा म्हणाली होती. रामाजी म्हणाले होते, "नवी नवरी हायेस का तू?" ती हसली होती. हात तेव्हाही चादरीतच होते.

रामाजींनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. हातपंपाचा पाना धरून धरून घट्टे पडलेले.

"अन् वाक्य?"

"ते राहू दे म्हने. घरी गेल्यावर ह्यायले पाहून सुचन."

शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात अजून 'हट्टी'साठीचा जुनाच शब्द आहे. चिठ्ठी रामाजींच्या खिशात आहे. वाक्य लिहायचं राहिलं आहे.