अच्युतन माशांची कात्री

केरळातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून अच्युतन माशांनी, म्हणजे आमच्या अध्यक्ष मास्तरांनी, थेट एका नामवंत लेखिकेला बोलावलं आणि स्वतःची झोप उडवून घेतली. ही बाई म्हणे जाईल तिथे आपल्या कादंबरीची जुनी प्रत मागते आणि त्यातलं ठरावीक पान वाचून दाखवते. आमच्या प्रतीतलं नेमकं तेच पान गायब होतं.

कापलं होतं माशांनीच, नवे नवे अध्यक्ष झाले तेव्हा. त्या पानावर वसुमती नावाची लग्न झालेली बाई बस कंडक्टरचा मुका घेते, असं त्यांच्या कानावर आलं होतं. पुढे त्याच कादंबरीला मोठा पुरस्कार मिळाला, ती कॉलेजात अभ्यासाला लागली, माशांनी तिच्यावर भाषणंही ठोकली. पान मात्र गेलं ते गेलंच.

"तंकम, उद्या भर सभेत माझी अब्रू जाणार गं," माश मला म्हणाले. मी वाचनालयाची पुस्तकं घरोघर पोचवते. मला खरं तर हसू फुटत होतं.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, पद्मावती टीचर, आतून आल्या आणि घड्या घातलेला एक कागद त्यांनी टेबलावर ठेवला. धुऊन धुऊन विरलेल्या, नेसायच्या मुंडूसारखा मऊ पडला होता तो.

"तुम्ही फेकलंत, मी उचललं."

"आणि इतकी वर्षं घरात ठेवलंस?"

"घरात कुठलं? तंकमच्या पिशवीतून गावभर फिरत होतं. बायकांना अख्खं पुस्तक हवं होतं कुठे!"

माशांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग चष्मा लावून त्यांनी पान वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं. "एवढंच? हाताचा मुका?"

म्हणजे या माणसानं न वाचताच कात्री चालवली होती! टीचर पोट धरून हसल्या. मला मात्र रागच आला.

माशांची नात आतिरा उद्या या कादंबरीवर बोलणार होती. तिनं ते पान वाचलं, मग पुस्तक उघडून पुढचंही वाचलं आणि भडकलीच.

"मुत्तच्छा, हे काय? रात्री नवरा हिला बडवतो, आणि सकाळी हीच त्याच्या पाया पडते? वर गरम डोसे वाढते? तुम्ही भलतंच पान कापलंत. कापायचं तर हे कापा! कुठेय कात्री?"

माशांनी आजोबांना न शोभेल अशा चपळाईनं खण उघडून कात्री आधी ताब्यात घेतली.

"मोळे, पोरी, उद्या लेखिकाबाईंना तोंडावर विचार. हवं तेवढं भांड. पण पान राहू दे. मी एक कापलं, तर गावानं तेवढंच वाचलं."

टीचर पान चिकटवायला भाताची खळ आणायला गेल्या. माशांनी कात्री माझ्या पिशवीत टाकली आणि ते म्हणाले, "ही तुझ्या घरी ने. मी मागितली तरी देऊ नकोस."