डोमाजीचं तूप

डोमाजीने वाटीतलं तूप ज्वारीच्या भाकरीवर उपडं केलं, बोटाने वाटी पुसून घेतली आणि बायकोच्या नजरेला नजर दिली.

"डाक्तर काय म्हने, इसरले का?" भागीरथेने विचारलं.

"इसरलो नाई. आयकत नाई."

अमरावतीच्या तरुण डॉक्टरने कालच सगळं समजावलं होतं. तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून मणक्यांमधल्या गाद्या झिजल्या, हे तर होतंच. पण रक्तातली चरबीही फार वाढली होती. तिला तो कोलेस्टेरॉल म्हणत होता. तिच्यामुळे बारीक रक्तवाहिन्या तुंबून गाद्यांचं पोषण तुटत असावं, असा त्याचा अंदाज. "पुस्तकात अजून पक्कं नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पण तूप बंद करून बघा. असंच चाललं तर उद्या चालणंही कठीण होईल."

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, तो कोणाला काय सोडायला सांगतोय! डोमाजीच्या बापाने आपल्या बहिणीच्या लग्नात स्वतःच्या कमाईचं तूप वाढलं होतं. महारवाड्यात तूप म्हणजे काय, असं म्हणत गावाने चालू पंगतीत माती फेकली. सहा वर्षांचा डोमाजी मातीचा भात पुढ्यात घेऊन तसाच बसून राहिला होता. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतला आणि त्याच आठवड्यात त्याने दारात म्हैस बांधली. त्याला आता आठ वर्षं झाली. तेव्हापासून तुपावाचून तो एकदाही जेवला नव्हता.

"जिवापेक्षा तूप मोठं हाय का?" भागीरथा चिडली.

"हाय," डोमाजी म्हणाला आणि उठताना भिंतीला धरून उभा राहिला.

पुढच्या रविवारी सूर्यभान पाटलाच्या मुलीचं लग्न होतं. डोमाजी यंदा ग्रामपंचायतीत निवडून आलेला, तेव्हा त्याला गावाच्या पंगतीत बसवणं पाटलाला भागच होतं. मांडी घालताना डोमाजीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तो बसला. भात आला, वरण आलं. तूप पडल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही ही इथली रीत, म्हणून सगळे हात थांबलेले.

पाटलाचा चुलतभाऊ नत्थुजी तूप वाढत ओळीने येत होता. डोमाजीपाशी त्याची पळी अडखळली. मग काहीतरी आठवून त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. गावात काय लपून राहतं!

"डोमा, तुले त डाक्तरनं तूप बंद केलं म्हनते ना?"

आणि तो पुढच्या पत्रावळीकडे सरकला. कुणीतरी फिसकन हसलं. डोमाजीची कानशिलं तापली.

"नत्थुजी, मांगं या."

नत्थुजी पळी घेऊन वळला.

"बंद डाक्तरनं केलं. तुमी नाई. वाढा."

नत्थुजीने सूर्यभानकडे पाहिलं. सूर्यभानने नाइलाजाने मान हलवली. पळी तिरपी झाली.

"अजून."

तूप भातावरून ओघळत पत्रावळीच्या काठाला लागलं, तेव्हा कुठे डोमाजीने आडवा हात धरला.

मग सगळ्यांच्या देखत त्याने तुपाचा भात बाजूला सारला, खालचा कोरडा भात वरणात कालवला आणि सावकाश पहिला घास घेतला.