बानाबाईचा जबाब

फुलंब्रीच्या अलीकडच्या माळावर बानाबाईच्या मेंढरांचा वाडा बसला होता. तांबडं फुटायच्या सुमाराला ती चुलीसाठी काटक्या वेचत होती, तेव्हा डोक्यावर, जिथं काहीच नव्हतं तिथं, निखाऱ्यासारखं लाल काहीतरी पेटलं. बघता बघता ते पांढरंफेक झालं आणि एका जागी टांगल्यासारखं थांबलं. बानाबाईनं काटक्या टाकून सुनेला हाक मारली.

सून सुकेशनीनं ते मोबाईलवर टिपलं, पण त्यात नुसता ठिपका आला. तो ठिपका गावभर फिरला, लोक हसले, आणि पाचव्या दिवशी वाड्यावर जीप आली. हवालदार बद्रीनाथ आणि चिकलठाणा विमानतळावरच्या अधिकारी सोनिया मॅडम खाली उतरले.

"शुक्राची चांदणी असंल आजी," बद्रीनाथनं कागद पुढं केला. "तसा जबाब लिवलाय. अंगठा द्या, मोकळं व्हा."

"शुक्र तिकडं उगवतीला व्हता. हे माथ्यावर," बानाबाई म्हणाली. "पन्नास वर्सं झाली सायेब, त्याला बघूनच उठते म्या. न्हाई द्यायची अंगठा."

सोनियानं तो कागद बाजूला ठेवला आणि ती घोंगडीवर बसली. "मावशी, केवढं होतं ते?"

बानाबाईनं पिशवीतून बाजरीचा एक दाणा काढला, चिमटीत धरून हात लांब केला. "एवढं. वरून गोल, खाली निमुळतं. थेंब लोंबावा तसं."

"आणि उजाडलं होतं?"

"कुठलं! मेंढरं बसलेली. दिस उगवायला लई येळ व्हता. तरी त्याच्यावर ऊन व्हतं."

"ऊन? उजेड म्हणायचंय का?"

"ऊनच. उजेड आन ऊन मला कळत न्हाई व्हय?"

सोनियाची पेन्सिल थांबली. मग तिनं बानाबाईला त्याच जागी उभं केलं, बोट वर करायला लावलं, होकायंत्रानं दिशा घेतली, दाणासुद्धा मोजला. जाताना तो कागदात बांधून नेला.

आठ दिवसांनी ती एकटीच परत आली. चेहरा असा, की केरबा, बानाबाईचा नवरा, बसल्या जागेवरून उठून उभा राहिला.

"मावशी, फुगा होता तो. हवा तपासायला हैदराबादेहून सोडलेला, शंभर मीटर रुंद. वाऱ्यानं भरकटला आणि पाऊण तास त्याच्याशी संपर्क तुटला. तेवढ्या वेळात तो कुठं होता, हे कुठल्याच यंत्राला माहीत नव्हतं. तुमचा दाणा आणि तुमचं बोट, त्यावरून हिशेब बसला."

"फुगा," केरबा जरा हिरमुसून म्हणाला.

बानाबाई मात्र हलली नाही. "किती उंच व्हता?"

"इथून शहरातला क्रांती चौक केवढा लांब? त्याहून जास्त. पण सरळ वर."

बानाबाईनं एकदा शहराच्या दिशेनं बघितलं, मग तीच वाट मनातल्या मनात उभी केली.

"तुम्ही ऊन म्हणालात ते खरं होतं," सोनियाचा आवाज खाली आला. "एवढ्या उंचावरून सूर्य आधी दिसतो. इथं अंधार होता, तेव्हा तिथं उगवला होता."

"आन तिथं आभाळ कसं असतं?"

"काळं, मावशी. भर दुपारीसुद्धा. हा निळा रंग खालच्या हवेचाच."

सोनियानं अहवाल वाचून दाखवला. साक्षीदाराच्या जागी लिहिलं होतं, 'बानाबाई केरबा, मेंढपाळ. निरीक्षण अचूक.' या वेळी बानाबाईनं अंगठा दिला.

मग डोळ्यांवर हाताची सावली धरून तिनं वर बघितलं. डोक्यावर ऊन तापलेलं, सगळीकडं निळंच निळं. त्या पातळ निळ्याच्या पलीकडं, याच घटकेला, काळोख पसरला होता. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि नकळत हात जोडले.