पुत्तनकरीचं सातवं मत

कुरुविळाला त्या सकाळी घास गिळवत नव्हता. पुढ्यात गरमागरम अप्पम, वाफाळता इष्टू, आणि हा बाबा खिडकीतून कालव्याकडे डोळे लावून बसलेला.

"खा मुकाट्यानं," त्याची बायको मोळी म्हणाली. "प्रेसिडेंट झालास की लोक जेवू देणार नाहीत."

"अगं, सातवं मत अजून आलेलं नाही!"

"मत म्हणजे काय मासेवाली, दारात येऊन हाक मारायला?"

आमची पुत्तनकरी पंचायत तेरा सदस्यांची. सहा कुरुविळाचे, सहा प्रेसिडेंट सुमंगला टीचरच्या पक्षाचे, आणि मधे लोंबकळणारा एक अपक्ष, तंकप्पन. आज टीचरवर अविश्वास ठराव होता. पाडायचं तर सात मतं हवीत. तंकप्पननं रात्री कुरुविळाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. स्वतःच्या डोक्यावर घेतली असती तर जरा तरी भरवसा वाटला असता.

भांडण होडीचं होतं. गावानं वर्गणी काढून शर्यतीसाठी नवी चुंडन होडी बांधली. नागासारखी वर उचललेली तिची शेपटी बघून म्हातारेकोतारेसुद्धा नाचले. ज्योतिषानं ती पाण्यात उतरवायचा मुहूर्त काढला, तो नेमका एप्रिलात, साथीची दुसरी लाट डोक्यावर आलेली असताना. सरकारचा हुकूम होता, गर्दी करायची नाही. पण मुहूर्त टळला आणि होडी कोरडी राहिली तर ती आयुष्यभर हरते, ही आमच्याकडची पक्की समजूत. झालं! शंभर वल्हेकरी खांद्याला खांदा लावून बसले, दोन्ही काठांवर गाव लोटलं, आणि होडीचे म्होरके भार्गवन आशान शेपटीवर उभे राहून ओरडले, "आर्प्पो!" गावानं एका सुरात साद दिली, "इर्रो! इर्रो! इर्रो!"

महिन्याभरात अकरा माणसं गेली. त्यात कुरुविळाचा थोरला भाऊ अविराच्चन. वल्हं मारून हाताला आलेले फोडसुद्धा बरे झाले नव्हते त्याचे.

आणि टीचर काय म्हणाल्या? तर पंचायतीला काही ठाऊकच नव्हतं! अहो, एवढी लांबलचक होडी, शंभर माणसं बोंबलतायत, पंचायतीच्या खिडकीखालून गेली ती. आणि म्हणे ठाऊक नव्हतं! डोळ्यांवर कातडं ओढायलाही काही मर्यादा असते. कुरुविळाचं डोकं तेव्हापासून जे फिरलं होतं ते फिरलंच होतं.

"तू तरी कुठे अडवलंस?" मोळीनं चहा पुढे सारत टोचलंच. "काठावर घसा फुटेस्तोवर इर्रो इर्रो करत होतास."

"मी प्रेसिडेंट नव्हतो," कुरुविळा म्हणाला. हे उत्तर त्याला तोंडपाठ होतं.

इतक्यात कालव्यावर मोटारबोट फटफटली. कुरुविळा धोतर सावरत धक्क्यावर धावला. बोटीत टीचरच्या पक्षाची माणसं होती, आणि त्यांच्या मधोमध, नवा कोरा शर्ट घालून, तंकप्पन. कुरुविळाला बघताच त्यानं मान वळवली आणि पाणी कधी बघितलंच नसल्यासारखा पाण्याकडे बघत बसला.

"अरे हरामखोरा! डोक्यावर हात ठेवला होतास ना माझ्या!"

"डोकं तुझंच होतं, अच्चाया," बोटीतून कुणीतरी ओरडलं, आणि सगळी बोट खदाखदा हसली.

आता सहा विरुद्ध सात. हातातोंडाशी आलेला घास गेला. तरी कुरुविळा गेला. हरायचं तर हरू, पण त्या बाईला अविराच्चनचं नाव ऐकवूनच हरू.

पंचायतीच्या सभागृहाबाहेर मुंगीला शिरायला जागा नव्हती. तोंडावर मास्क, पण खिडक्यांना माणसं लटकलेली. ब्लॉकच्या कचेरीतून आलेले अधिकारी सभा चालवायला बसले होते आणि दर मिनिटाला "शांतता, शांतता" म्हणत होते. त्यांचं ऐकणार कोण?

कुरुविळा उठला. रात्रभर घोकलेलं भाषण तो पहिल्याच वाक्याला विसरला.

"टीचर," तो म्हणाला, "मला खुर्ची मिळायची नाही, तंकप्पनची कृपा. पण एक सांगा. तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं? माझ्या भावाला प्लास्टिकात गुंडाळून आणला हो. मी तोंडसुद्धा बघितलं नाही त्याचं. तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, एवढंच सांगा."

टीचरच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पक्षाच्या माणसानं लगेच कागद पुढे केला. पोलिसांची चूक, आरोग्य खात्याची चूक, सगळं त्यात टाईप करून आणलं होतं. टीचरनी तो कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

खिडक्यांना लटकलेली माणसं आणखी आत वाकली.

"सकाळी इन्स्पेक्टरचा फोन आला होता. टीचर, माझी माणसं तयार आहेत, अडवू का? मी म्हणाले, मुहूर्त टळेल, होडीला पाणी लागू दे, मग पांगवा. माझ्या मनात काय होतं सांगू? अडवलं तर पुढच्या निवडणुकीत हे गाव मला पाण्यात ढकलेल. दुसरं काही नव्हतं मनात. नंतर पक्षानं सांगितलं, ठाऊक नव्हतं म्हणा. तेही मी म्हणाले."

"टीचर, बसा!" शेजारचा माणूस त्यांचा पदर ओढायचा तेवढा बाकी होता. "डोकं फिरलंय का तुमचं?"

"आत्ता कुठे ठिकाणावर आलंय."

"मग राजीनामा द्या की!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं.

"दिला असता. पण तो पक्षाकडे गेला की त्यावर लिहितील, तब्येतीचं कारण. माझी तब्येत ठणठणीत आहे. ठराव मंजूर झाला तर कारण दप्तरात राहील."

अधिकाऱ्यांनी घाम पुसला आणि हात वर करायला सांगितलं. कुरुविळाचे सहा हात वर गेले. टीचरनी पदर नीट केला आणि हात वर केला. पक्षाचा आदेश होता, विरोधात मत द्या. मोडला तर खुर्चीबरोबर सदस्यत्वही जाणार, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. हात खाली आला नाही.

"सात," अधिकारी म्हणाले. "ठराव मंजूर."

मग जो काही गोंधळ झाला म्हणता! फटाके लागले, कुरुविळाला उचललं, चप्पल एक कुठे, दुसरी कुठे. तंकप्पनच "कुरुविळाच्चायन जिंदाबाद" करत सगळ्यांच्या पुढे. लाज कशी ती नाहीच मेल्याला. मोळी गर्दीतून ओरडत होती, "अरे पाडाल त्याला! नवरा एकच आहे माझा!"

धक्क्यावर येईस्तोवर भार्गवन आशान हार घेऊन उभेच होते. मागे वल्हेकरी, हातात वल्हीसुद्धा आणलेली.

"ये रे माझ्या वाघा!" आशाननी हार घातला. "आता आपलाच माणूस. ओणमला, ऐन तिरुवोणमच्या दिवशी होडी काढायची. स्पर्धा नाही, काही नाही. जरा फिरवून आणू. सणाला होडी घरात कोरडी ठेवायची म्हणजे गावाला अवदसा."

"आशान, तिसरी लाट येणार म्हणतायत..."

"येऊ दे ना! तुझी निवडणूक पुढच्या आठवड्यात. तू अजून प्रेसिडेंट झालेला नाहीस. तुला कोण विचारणार? तू काही बोलूच नकोस म्हणजे झालं." आणि दोन्ही हात वर करून आशान ओरडले, "आर्प्पो!"

"इर्रो! इर्रो! इर्रो!" धक्का हादरला.

कुरुविळाच्याही तोंडात ते येऊन ठेपलं होतं. लहानपणापासून ती आरोळी ऐकली की तोंड आपोआप उघडतं आमचं. अविराच्चनचं वल्हं त्याला दिसलं, धक्क्याच्या टोकाला कुणाच्या तरी भलत्याच हातात. खालच्या फेरीबोटीत टीचर एकट्या बसल्या होत्या, छत्री मांडीवर घेऊन. त्यांनी मान वर केली. मोळीही बघत होती, आणि या वेळी ती काही टोचून बोलली नाही.

"नाही," कुरुविळा म्हणाला.

"काय?"

"होडी निघणार नाही. मी अडवणार. प्रेसिडेंट असलो तर पोलीस बोलावून, नसलो तर होडीपुढे आडवा पडून."

आशानच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "कुरुविळा, हेच वल्हेकरी तुला मतं देतात. आत्ताच खांद्यावर बसलास त्यांच्या."

"उतरलो की आता."

कुणी शिवी हासडली. कुणी वल्हं आपटलं. तंकप्पन हळूच चार पावलं मागे सरकला. आशाननी कुरुविळाच्या गळ्यातला हार काढून घेतला आणि ते चालते झाले, आणि त्यांच्यामागे एकेक करत सगळा धक्का रिकामा झाला. अविराच्चनचं वल्हं ज्याच्याकडे होतं, त्यानं ते जाता जाता कुरुविळाच्या पायाशी ठेवलं.

फेरीबोट सुटत होती. टीचर उभ्या राहिल्या, हलत्या बोटीत तोल सावरत.

"कुरुविळा," त्या म्हणाल्या, "नाही, एवढंच म्हणायला हवं होतं रे मी तेव्हा. एवढंच."

कुरुविळानं वाकून भावाचं वल्हं उचललं, आणि मोळीनं त्याची हरवलेली चप्पल आणून पुढे ठेवली.