गुमटीची बाहेरची बाजू

भिंत पहिली, आतून

इथे खुंटी. खुंटीला हातबत्ती, म्हणजे लाल रंगात बुडवलेलं टाचणीचं डोकं. खाली फोन, काळ्या मिरीचा अर्धा दाणा.

केसरीनाथ पाटलांनी सव्वीस वर्षं खारबावच्या अलीकडच्या रेल्वे फाटकावर गाड्या सोडल्या. पुढे पूल झाला, फाटक मिटलं, फाटकवाल्याची खोली, म्हणजे गुमटी, पाडली. फोटो एकही नाही. आता २००७ साली, कामतघरच्या खोलीत, ते तीच गुमटी पुन्हा बांधत होते. सत्त्याऐंशी पट लहान. सुपारीच्या डबीत मावेल एवढी.

भिंत दुसरी, आतून

शेजारच्या लूमवरच्या सुताच्या कोनाचा पुठ्ठा. त्याच मागाच्या मोडक्या फणीच्या तारा काढून खिडकीचे गज. त्याच फणीवर गुटख्याच्या पुडीची चांदी दाबली, की झाले छपराचे पत्रे, पन्हळीसकट!

(भिंत तिसरी थांबू दे. आधी धनेशचं सांगायला हवं.)

धनेश हा केसरीनाथांचा पुतण्या. वळ गावात त्याची गोदामं. एका गोदामाच्या माळ्यावर त्याने हुबेहूब छोटी रेल्वे मांडली होती. घरं मात्र सगळी परदेशी खोक्यांतली.

"काका, रविवारी लोक बघायला येणार. तुमची गुमटी झाली तर ती लावू, नायतर ही जर्मनीची हायच."

जर्मन गुमटीच्या खिडकीत फुलांच्या कुंड्या होत्या.

"फाटकवाल्याला कुंड्या?" केसरीनाथ भडकले. "गाडी सोडंल का पाणी घालंल? माझ्या फाटकावर ही बया उभी राहायची न्हाय!"

भिंत तिसरी

आतून तयार. चौथीही तयार. शनिवारची दुपार झाली. केसरीनाथांनी रंगाची बशी ओढली, ब्रश बुडवला आणि हात हवेतच राहिला.

बाहेरून गुमटी कशी होती?

आठवेना. कसं आठवणार? झेंडी दाखवताना तोंड गाडीकडे, पाठ गुमटीकडे. सव्वीस वर्षं!

"मैना!"

मैनाबाई भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून आल्या. सव्वीस वर्षं त्यांनी फाटकावर डबा पोचवला, पण आत पाऊल टाकलं नाही. नियम होता, आणि नियम करणाऱ्यापेक्षा पाळणारा नवरा कडक.

"रंग कंचा होता गं बाहेरून?"

"तुम्हाला ठाव न्हाय?" मैनाबाई खो खो हसल्या. "वर पिवला. खाली गेरू, कमरेपावेतो. रुलाच्या बाजूला गेरू काला पडलेला. खिडकीखाली पोपडा, असा, बैलाच्या तोंडासारका. रोज बघायची, तुमची गाडी जाईस्तोवर दुसरं काम काय मला?"

ब्रश त्यांनीच घेतला. पिठाची बोटं आणि गेरू. पोपडा त्यांनी नखाने काढला.

मग त्या वाकल्या. छप्पर अजून बसवलं नव्हतं.

"एवढं सगलं होतं आत? ही फली... हा माठ... आन् ह्यो आरसा? ड्युटीवर आरसा कशाला?"

केसरीनाथ पत्रा पुसायला लागले. पत्रा स्वच्छच होता.

"बोला की!"

"तुझ्या यायच्या टायमाला भांग पाडायचो."

मैनाबाईंनी पदर तोंडाला लावला. पिठाचा, गेरूचा, सगळाच ठसा गालावर उमटला.

भिंती चारही, रविवार

धनेशने गुमटी तळहातावर फिरवली. पोपड्यापाशी थांबला. मग त्याने कुंड्यांवाली उचलून खोक्यात घातली.

गाडी सुटली. वळण घेतलं. फाटकाशी आली, गुमटीपुढून सरसरत गेली. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा!" मैनाबाई ओरडल्या. "फाटक आलं आन् शिटी कुठं हाय?"

"काकी, ह्या इंजिनाला शिट्टी नसते," धनेश म्हणाला.

केसरीनाथांनी दोन बोटं तोंडात घातली. पुढच्या फेरीला गोदामाचा पत्रा दणाणला.

त्यापुढच्या फेरीला माळ्यावरचा प्रत्येक जण तोंडात बोटं घालून तयार उभा होता.