कालची ईद

सुदानहून शिकायला आलेला उस्मान आमच्या विक्रोळीच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहतो. काल सकाळीच पांढरा झगा घालून, स्वतः भाजलेल्या बिस्किटांची ताटली घेऊन तो माझ्या दारात हजर! मी स्वयंपाकाच्या घाईत होते, उखडलेच. "अरे, ईद उद्या आहे ना! उद्या ये." तो मान खाली घालून वर गेला.

आज मी शेवयांची खीर घेऊन गेले, तर हा जुन्या टी-शर्टात.

"हे काय रे? आज ईद ना?"

"आमच्या गावी काल झाली, आंटी. तिथे चंद्र आधी दिसला."

माझा चेहराच पडला. "बरं, ती बिस्किटं तरी आण."

"काल संपवली," तो म्हणाला. "एकट्यानेच."